पाटीखाली माणूस

३ एप्रिल

पोचले एकदाची. कंपनीने वाटलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती, आज तिचं नशीब उघडलं. मुखपृष्ठावर आमचा ट्रक आहे आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘दारापासून दारापर्यंत’. ही मी नवरोबासाठी लिहिणार आहे. तो आला की रोज संध्याकाळी एकेक पान वाचून दाखवीन. मी इथे एकटीने काय काय केलं ते त्याला कळेल आणि ‘मॅनेजरबाई, तुम्ही खुर्चीत बसून पगार घेता’ हे त्याचं पालुपद एकदाचं बंद होईल.

लग्न झाल्यापासून आमचा संसार फोनवर चाललाय. तो कंपनीचा ट्रक घेऊन रस्त्यावर, मी कंपनीच्या कुठल्या ना कुठल्या ऑफिसात. घरी येतो तो झोपायला येतो आणि उठला की निघतो. आता मोठ्या साहेबांनी शब्द दिलाय, की महिनाअखेर हा डेपो चालू करून दाखव, तुझ्या नवऱ्याचा ट्रक कायमचा इथेच लावतो. म्हणजे सकाळी जाईल आणि दिवेलागणीला परत येईल, चारचौघींच्या नवऱ्यांसारखा. एवढ्यासाठी मी डोंगरसुद्धा सपाट केला असता. हा तर नुसता रेल्वेचा बंद पडलेला मालधक्का आहे.

घर झकास आहे. पूर्वी धक्क्यावरचा बाबू इथे राहायचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नळाची मोरी. भिंती इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून बसता येतं. स्वयंपाकघराची खिडकी सरळ यार्डात उघडते, त्यामुळे भांडं गॅसवर ठेवून मजुरांवर लक्ष ठेवता येईल. पलंगाचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली वीट सारली. दाराजवळच्या फळीवर नवरोबासाठी घेतलेले नवे तपकिरी बूट मांडून ठेवले. जुन्या बुटाचा तळवा त्याने तारेने बांधलाय आणि वर सांगतो की अजून वर्षभर जातील. फळीवर बूट दिसले आणि घर भरल्यासारखं वाटलं.

५ एप्रिल

घर चांगलं, पण गावाला माझं तोंड बघायचं नाही.

दूधवाल्याने कॅन भरलेला असताना दूध संपलं म्हणून सांगितलं. किराणावाला माझ्यामागून आलेल्या तिघांना सामान देऊन मग आत निघून गेला. चहाच्या टपरीवर मला गार चहा दिला आणि मी पिऊन झाल्यावर तो ग्लास विसळला नाही, फेकून दिला. माझ्या देखत. मीही तिथेच उभी राहून दुसरा चहा मागितला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, पण मासेच चावायला आले तर माणसाने काय करावं?

राग कशाचा ते ठाऊक आहे मला. पूर्वी इथला सगळा माल रेल्वेने जायचा. विटा, सिमेंट, लाकूड, पोती. धक्क्यावर हमाल होते, तोलणारे होते, टपऱ्या होत्या. मग आमचे ट्रक आले. यात आमचं काय चुकलं? रेल्वे म्हणायची, अख्खी गाडी भरेल एवढा माल आणा, मग डबे देतो. वीटभट्टीवाल्याने एका डब्याचा माल घेऊन किती दिवस वाट बघायची? आमचा ट्रक त्याच्या भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात रिकामा झाला. आधी विटा आमच्याकडे आल्या, मग सिमेंट. रेल्वेने फेऱ्या कमी केल्या, त्यामुळे उरलेलेही कंटाळून आमच्याकडे आले आणि शेवटी गाडीच बंद झाली. ज्या दुकानदारांनी स्वतःचा माल आमच्या ट्रकात चढवला तेच आज माझ्या नावाने बोटं मोडतायत. चोराच्या उलट्या बोंबा.

धक्क्यावरचे जुने हमाल रोज यार्डाच्या भिंतीवर ओळीने बसून असतात. बोलत नाहीत, नुसते बघतात. आज सकाळी गेटावर कोणीतरी डांबराचा बोळा फिरवून ठेवला होता. मी घासून काढला आणि ते बघत बसले.

एकटा काटेमामा तेवढा बोलतो. हा पूर्वी इथल्या वजनकाट्यावर होता, म्हणून काटेमामा. कंपनीने त्याला राखणदार म्हणून ठेवलंय. फाटके कॅनव्हासचे बूट, गोड आवाज, आणि विचारलं तेवढंच उत्तर. त्याने मला सगळं यार्ड फिरवून दाखवलं. रूळ गवतात बुडालेत. अगदी शेवटच्या रुळावर एकच वाघीण उभी आहे, म्हणजे मालगाडीचा बंद डबा. गंजून विटेच्या रंगाची झालीय. पुढच्या बाजूला डब्याला डबा टेकतो ते जाडजूड दोन गोल बफर, आणि त्यांच्यामध्ये डबे जोडायच्या कपलिंगला ताटाएवढी लाल लोखंडी पाटी नटाने आवळलेली.

दुपारी त्या वाघिणीकडून आवाज येतो. टक, टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा. ऊन चढलं की लोखंड ताणतं, तसा. नवरोबाचा फोन आला होता, त्याला खिडकीतून ऐकवला. तो म्हणाला, कोणीतरी हातोडी मारतंय वाटतं. मी सांगितलं, काही नाही रे, तापलेलं लोखंड आहे.

आणखी एक गंमत. भर दुपारी भिंतीच्या खिंडारातून एक बाई येते, वाघिणीच्या चाकाशी जेवणाचा डबा ठेवते, बाजूला बसून राहते, आणि मग डबा उचलून जाते. गाव तिला फिटरीणबाई म्हणतं. नवरा इथे डबे दुरुस्त करणारा फिटर होता. तो कुठे असतो म्हणून विचारलं, तर काटेमामा म्हणाला, कामावर. डोक्यावर परिणाम झाला असणार बिचारीच्या.

८ एप्रिल

आज मोठं काम झालं.

रूळ कापायला कंपनीने बाहेरून गॅसकटरवाला पाठवलाय. दांडगा, हसरा माणूस, सोबत त्याचे चार गडी. सगळे रूळ कापायला तयार, पण शेवटच्या रुळापाशी अडून बसला. म्हणे पाटी आहे तोवर मी हात लावणार नाही, ज्याची आहे त्याने काढावी. कुठल्याही यार्डात हाच नियम असतो म्हणे. मी म्हटलं, अरे बाबा, यार्डच उरलं नाही तर नियम कसला राहतोय? तो मान हलवत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मी काटेमामाला विचारलं, ही पाटी काढली तर चालेल ना. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याच्या खोलीत गेला, एक मोठा पाना घेऊन आला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

भिंतीवरचे हमाल उठून उभे राहिले.

मग तर मी काढणारच होते. नट गंजून एकजीव झाला होता. रॉकेल ओतलं, पान्यावर सगळं अंग टाकलं, तळहात सोलवटले, पण शेवटी फिरला. पाटी खाली पडली तेव्हा मी हमालांकडे बघून हात झटकले. ते भिंतीवरून उतरून निघून गेले. गॅसकटरवाल्याने कामाला सुरुवात केली.

पाटी चांगल्या जाड पत्र्याची आहे, टाकून कशाला द्यायची? पिवळा रंग मारला, वर कंपनीचं नाव आणि ‘दारापासून दारापर्यंत’ रंगवलं, आणि गेटावर लावली. फार सुरेख दिसते. तिचा फोटो नवरोबाला पाठवला.

जेवताना कसलीतरी उणीव वाटत होती. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की टकटक बंद झालीय.

९ एप्रिल

फिटरीणबाई दुपारी आली. डबा ठेवला. बसली. मग चाकाला कान लावला. मी खिडकीतून बघत होते. तिने या चाकाला कान लावला, त्या चाकाला लावला, वाघिणीभोवती फिरली, आणि मग तिला कपलिंग दिसलं.

ती माझ्या दारात आली. ओरडली नाही, रडली नाही. मला वाटलं होतं वेडी असेल, पण तिचे डोळे माझ्यापेक्षा शहाणे होते. तिने मला लहान मुलाला सांगावं तसा नियम सांगितला. डब्याखाली जाणाऱ्याने पाटी लावायची. वर आल्यावर त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो साहेब असो नाहीतर सख्खा भाऊ. पाटी काढणं म्हणजे गाडीला सांगणं, की खाली कोणी नाही, चल. शेवटची मालगाडी निघाली त्या दिवशी तिचा नवरा पाटी लावून या डब्याखाली गेला. पाटी दिसली म्हणून इंजिन हा एक डबा मागे ठेवून गेलं. नवरा वर आला नाही. लोकांनी वाकून बघितलं तर खाली कोणी नव्हतं. पण हातोडीचा आवाज यायचा, रोज, दुपारचा.

मी म्हटलं, बाई, या डब्याला इतक्या वर्षांत इंजिन लागलेलं नाही. तो हलला तरी का?

“तो काम करत होता,” ती म्हणाली. “तू त्याच्या अंगावरनं गाडी घातलीस.”

आणि तिने डबा उघडून माझ्या उंबऱ्यावर उपडा केला. गरम जेवण होतं. ते मी घासघासून पुसलं. रागानेच, असं मी स्वतःला सांगितलं.

१२ एप्रिल

पहिले दोन ट्रक आले आणि लगेच विघ्न. ड्रायव्हर जेवून येतात तो दोन्ही ट्रकांची तोंडं चेपलेली. एकाचा रेडिएटर फुटून पाण्याचं तळं झालेलं. मी सरळ हमालांवर गेले. भिंतीपाशी जाऊन तोंडाला येईल ते बोलले, पोलिसात देईन म्हणाले. त्यातला सर्वांत म्हातारा शांतपणे म्हणाला, की घणाचा घाव असा गोल बसत नाही.

परत येऊन नीट बघितलं. प्रत्येक ट्रकावर दोन खळगे. गोल, ताटाएवढे, शेजारी शेजारी, माझ्या छातीच्या उंचीवर.

सगळा पत्रा एकदम आत गेलाय. घाव घालून नव्हे, दाबून.

वाघिणीचे बफर बघायला गेले नाही. उद्या बघते.

१४ एप्रिल

वाघीण शेवटच्या रुळावर नाही.

ती यार्डाच्या मधोमध उभी आहे. तिथले रूळ परवाच कापून ट्रकात भरले, मी स्वतः उभं राहून भरून घेतले. खाली नुसती माती आहे. त्या मातीत भिंतीपासून वाघिणीपर्यंत दोन सरळ रेघा उमटल्यात, दगडासारख्या टणक आणि चकाकणाऱ्या. पाय ठेवला तर गरम लागल्या.

गॅसकटरवाला शपथेवर सांगतो, की त्याच्या माणसांनी हात लावलेला नाही. लावणार तरी कसा? क्रेन लागेल. क्रेन नाहीये. काटेमामाला विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं? तो म्हणाला, त्याचं सगळं लक्ष तिकडेच होतं. आणि हसला. त्याला हसताना मी आज पहिल्यांदा बघितलं.

दुपारी आता टकटक येत नाही. दुसराच आवाज येतो. डब्याला डबा भिडावा तसा धाड, आणि मग तो धक्का लांबपर्यंत एकेका डब्यातून जात राहतो. डबा तर एकच आहे.

नवरोबाला यातलं काही सांगितलं नाही. तो म्हणेल बायको भित्री निघाली.

१६ एप्रिल

गॅसकटरवाला गेला.

भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. तो ट्रकाच्या आणि भिंतीच्या मधल्या सावलीत पाणी पीत उभा होता. ट्रक मागे सरकला. इंजिन बंद, आत कोणी नाही. हळू सरकला, त्याला ओरडायला वेळ मिळाला एवढा हळू. मी धावले. मी त्याचा हात धरला होता. ओढत होते. ट्रकापुढे ती होती. वाघीण. बफर ट्रकाच्या तोंडाला टेकलेले.

चौकशीवाल्यांनी लिहून नेलं की हँडब्रेक सुटला. वाघीण इथे कशी म्हणून त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्याचे गडी सामान टाकून पळाले.

मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, वाईट झालं, पण अपघात कुठे होत नाहीत. माझं मन रमावं म्हणून माझ्या नवऱ्याचा ट्रक आधीच पाठवतो म्हणाले. वीस तारखेला. मी नको म्हटलं. ते हसले, त्यांना वाटलं मी लाजतेय.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण इथे कोणाला सांगणार? गॅसकटरवाल्याने मला सांगितलं होतं, ज्याची त्याने काढावी. मी त्याला हसले होते.

१७ एप्रिल

काटेमामाची गचांडी धरली आज. विचारलं, तुला नियम माहीत होता ना? मग पाना का दिलास?

तो जराही घाबरला नाही. म्हणाला,

“गावातल्या कोणी काढली नसती, बाई. आमच्या हाताला ते होतच नाही. बाहेरचं माणूस हवं होतं.”

मी म्हटलं, फिटर तुझा दोस्त होता. तो म्हणाला, होता की. पण एका माणसासाठी गाडी किती वर्षं थांबवायची? रेल्वे बंद केली तेव्हा काटेमामाला कोणी विचारलं नव्हतं. त्याचा काटा भंगारात विकला तेव्हाही नाही. आता गाडी चालू झालीय आणि आपली वाट मोकळी करतेय. तुमचे ट्रक तिच्या वाटेत उभे आहेत, त्याला तो काय करणार.

आवाज तोच, गोड.

मी गेटावरची पाटी काढली आणि परत वाघिणीच्या कपलिंगला लावली. नटाला भरपूर तेल घातलं, नुसत्या बोटांनी फिरेल इतकं. पुन्हा कधी काढायची वेळ आली तर तळहात सोलवटायला नकोत. काटेमामा मागे उभं राहून बघत होता.

“खोटी पाटी चालत नाही,” तो म्हणाला. “पाटीखाली माणूस लागतो.”

१८ एप्रिल

पाटी सकाळी गवतात पडलेली. वाघीण स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर. हात लांब केला तर बफरला लागेल.

भांडी आपोआप वाजतात —

घर सोडणार. नोकरी गेली खड्ड्यात. तो आणि मी दुसरीकडे कुठेही राहू, पूर्वीसारखं फोनवर राहू, चालेल. फक्त त्याने इथे यायचं नाही.

१९ एप्रिल

त्याचा फोन बंद. चालवताना बंदच ठेवतो, मीच लावलेली शिस्त.

साहेबांना सांगितलं, राजीनामा देते, त्याचा ट्रक वळवा. म्हणाले, तो कालच निघाला. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून सांगू नका म्हणाला होता.

मला एकटीला पळता येईल. पण मी गेले आणि तो मला शोधत यार्डात आला तर — नाही. फाट्यावर जाऊन उभी राहते. तो तिथूनच येणार. पाटी नटासकट पिशवीत घेतलीय, का ते माहीत नाही. दुसरं काही जवळ नाही.

हमाल भिंतीवर बसलेत. आज सगळं गाव आलंय त्यांच्याबरोबर. दूधवालासुद्धा.

२० एप्रिल

खाली आहे. उजेड आहे, लिहिता येतंय. डायरी खिशात होती आणि ही पेन्सिल.

नीट लिहिते. तू वाचशील म्हणून.

मी फाट्यावर उभी होते आणि तू मागच्या गेटाने आलास. मला चकवायला. ट्रकाचा हॉर्न यार्डातून ऐकू आला तेव्हा मी धावत सुटले. तू ट्रक नेमका तिच्यासमोर लावलास, तिच्या सावलीत. यार्डात तेवढीच सावली होती. आणि आल्या आल्या ट्रकाखाली शिरलास, सायलेन्सरची तार बांधायला. गाणं म्हणत होतास. तुझे पाय बाहेर होते.

ती सरकत होती. आवाज न करता. बफर ट्रकापासून हातभर.

हाक मारली. तुला ऐकू गेली नाही. भिंतीवर एवढी माणसं, एकानेही तुला हाक दिली नाही. तुझे पाय ओढायला धावले असते तर — पुरलं नसतं. गॅसकटरवाल्याचा हात मी धरला होता, आणि नव्हतं पुरलं. पाटी लावली. नट फिरवला. ती थांबली नाही. मग आठवलं.

मी तिच्याखाली शिरले. थांबली.

तू वाचलास. एवढं लक्षात ठेव.

*

बाहेर येता येत नाही. चाक समोर दिसतं, त्यापलीकडे गवत, ऊन. सरकते तसं चाकही सरकतं, तेवढंच. मागे बघितलं तर चाकं आणि चाकं, संपतच नाहीत. लांबवर कोणीतरी पडलंय. हातात हातोडी. मी त्याला — नाही, बघत नाही तिकडे.

तुझे पाय बघते. तू मला शोधतोयस. घरात गेलास, बाहेर आलास, आणि पायांत नवे बूट. फळीवर सापडले ना? अंगठ्याशी चावतायत, लंगडतोयस. मी म्हटलं होतं एक नंबर मोठा घेऊ.

ओरडले. घसा फाटेपर्यंत. तू दोन हात अंतरावर उभा आहेस आणि वळून बघत नाहीस.

*

दगड सापडला. चाकावर मारते. टक, टक, टक.

*

फिटरीणबाई आली. धावत. डबा घेऊन. तिला ऐकू आलं. ती वाकली — तिचं तोंड किती उजळलं होतं. मग तिने मला बघितलं.

मी हात जोडले. म्हटलं, त्याला सांगा. त्याला फक्त सांगा, पाटीला हात लावू नको.

तिने डबा उचलला.

“तुझं माणूस वर आहे,” म्हणाली. “तो आणील तुला डबा.”

गेली.

*

टक, टक —

तू विचारलंस, कसला आवाज. आणि तूच म्हणालास, हां, तापलेलं लोखंड. बायकोने सांगितलंय फोनवर.

नाही रे. ऐक ना. नीट ऐक.

*

कॅनव्हासचे बूट. काटेमामा. तुझ्याशी गोड बोलतोय. तुला म्हणतोय, मॅनेजरबाई येतीलच, तोवर एवढी पाटी काढून घ्या, गेटाची आहे, पोरांनी मस्करी करून इथे लावली —

तू हसलास. फोटो पाठवला होता म्हणालास. बायकोने स्वतः रंगवलीय म्हणालास, केवढ्या कौतुकाने —

तुझे बूट इथे. बफरांच्या मध्ये. हात लावता येईल इतके —

तो पाना देतोय. तू म्हणतोस पाना कशाला, हा तर हातानेच फिर —

मीच तेल घात